पार्श्वभूमी : व्यसनी जोडीदाराला समोर बसवण्याआधी

व्यसनात अडकलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला घरच्या माणसांनी एकत्र समोर बसवायचं आणि उपचारांसाठी राजी करायचं, ही पद्धत ‘इंटरव्हेन्शन’ म्हणून १९६०च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली. एकोणिसाव्या शतकातल्या दारूविरोधी चळवळींत बायका आघाडीवर होत्या, पण त्यांचा रोख गुत्त्यांवर आणि कायद्यावर होता. रात्री झिंगून आलेल्या माणसाशी सकाळी काय बोलायचं, याचं उत्तर तिथे मिळत नव्हतं.

१९३५ मध्ये मद्यपींचा स्वमदत गट सुरू झाला, १९५१ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांचा. कुटुंबीयांच्या गटाची भूमिका आजही तीच आहे: व्यसन तुमच्यामुळे लागलेलं नाही, ते सोडवणं तुमच्या हातात नाही, तुम्ही आधी स्वतःला सांभाळा. हे ऐकून किती बायकांच्या मनावरचं ओझं उतरलं असेल! कारण त्या काळच्या मानसोपचाराच्या लिखाणात दारुड्याच्या बायकोलाच आरोपी करण्याची रीत होती. स्वतःच्या मानसिक गरजेपोटी ती असा नवरा निवडते, असं तज्ज्ञ गंभीरपणे मांडत. १९५४ मध्ये एका महिला संशोधकाने हे उलटं करून दाखवलं. आधी मान्यच न करणं, मग पांघरूण घालणं, मग घराचा सगळा कारभार स्वतःकडे घेणं हे बायकोच्या स्वभावातले दोष नसून संकटाला तोंड देण्याच्या पायऱ्या आहेत, असं तिचं म्हणणं होतं.

तरीही एक समजूत टिकून होती: माणूस पुरता तळाला गेल्याशिवाय सुधारत नाही. स्वतः दारूतून बाहेर पडलेल्या एका अमेरिकन धर्मगुरूने तिला आव्हान दिलं. नोकरी, यकृत आणि संसार जाईपर्यंत थांबायचंच कशाला, हा त्याचा प्रश्न होता. १९७३ मध्ये त्याने आपली पद्धत पुस्तकरूपात मांडली. समुपदेशकाबरोबर घरच्यांची तयारी करून घ्यायची. प्रत्येकाने कागदावर घडलेले प्रसंगच लिहायचे: ‘त्या रात्री तू मुलीला गाडीत बसवलंस आणि गाडी दुभाजकावर चढवलीस.’ ‘बेजबाबदार’, ‘खोटारडा’ असली विशेषणं खोडून टाकायची. मग रंगीत तालीम. केंद्रात जागा राखून ठेवायची, बॅग भरून ठेवायची, आणि ‘हो’ म्हणताच त्याच दिवशी निघायचं. ‘नाही’ म्हटला तर प्रत्येकाने आपण पुढे काय करणार, हे सांगायचं.

खरा वाद मात्र दुसऱ्याच गोष्टीवर झाला, अजूनही होतो. ज्याच्यासाठी ही बैठक, त्याला आधी सांगायचं की ताकास तूर लागू द्यायची नाही? मूळ पद्धतीत गुप्तता होती. आधी कळलं तर तो येणारच नाही, किंवा पिऊन येईल, हे तिचं समर्थन, आणि ते अगदीच पोकळ नाही. पण गुप्ततेचा भार कोण वाहतं? भाऊ, मित्र, मेहुणी बैठकीपुरते येतात. जोडीदार मात्र आठवडेच्या आठवडे त्याच घरात, त्याच अंथरुणावर, मनात कट ठेवून वावरतो. बैठक फसली तर सगळे आपापल्या घरी जातात आणि ‘तू माझ्याविरुद्ध सगळ्यांना गोळा केलंस’ हे तिला एकटीलाच ऐकावं लागतं. नियोजनाच्या चर्चेत या बाजूला फार कमी जागा मिळाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९७८ मध्ये एका माजी अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाने त्यांच्या पत्नीसमोर अशी बैठक घेतली, त्या बऱ्या झाल्या आणि पद्धतीचा बोलबाला झाला. २००५ पासून ती दूरचित्रवाणीवर मालिकेच्या रूपात दिसू लागली, आणि अचानक उघडलेलं दार, रडारड, अखेरचा इशारा हेच तिचं स्वरूप लोकांच्या मनात ठसलं.

यशाचे आकडे नीट वाचावे लागतात. १९८९च्या एका अभ्यासात २४ कुटुंबांना तयार केलं गेलं. प्रत्यक्ष बैठक घेतली फक्त ७ कुटुंबांनी, आणि त्यांतल्या ६ घरांतला माणूस उपचारांना गेला. सातांतून सहा म्हणजे दणदणीत यश, पण उरलेल्या १७ कुटुंबांपैकी ३ जणच उपचारांपर्यंत पोचले. १९९९ मध्ये १३० कुटुंबीयांना तीन मार्गांत विभागून तुलना झाली. बैठकीच्या मार्गाने ३० टक्के माणसं उपचारांत आली, आणि इथेही बहुतेक कुटुंबं बैठकीपर्यंत गेलीच नाहीत. कुटुंबीयांच्या स्वमदत गटाच्या मार्गाने १३ टक्के आली. त्या गटाचा उद्देशच तो नसल्याने ही तुलना त्याच्यावर थोडी अन्याय करणारी आहे. तिसऱ्या मार्गाने ६४ टक्के आली.

हा तिसरा मार्ग १९७०च्या दशकातल्या वर्तनोपचारांतून निघाला. त्यात सोक्षमोक्ष लावणारी बैठक नाहीच. समुपदेशक बायकोला एकटीला बसवून विचारतो: तो कुठे पितो, कुणाबरोबर, पिण्याआधी तासभर काय चाललेलं असतं? शुद्धीत असलेल्या संध्याकाळी तिने त्याच्याजवळ बसावं, प्यायला की शांतपणे खोलीतून उठून जावं. सकाळी त्याच्या कार्यालयात ‘ताप आहे’ असा फोन करणं तिने थांबवावं. तो फोन त्याचा त्याने करावा. आणि ज्या सकाळी तो स्वतःच ‘हे आता थांबायला हवं’ म्हणेल, त्या सकाळी उपचारांची वेळ ठरलेली असावी. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली तर ती सकाळ वाया जाते. १९९०च्या दशकात बैठकीचंही एक मवाळ रूप आलं. त्यात व्यसनी माणसाला पहिल्याच भेटीचं उघड आमंत्रण देतात आणि तो आला नाही तरी बाकीचे भेटतात.

१९९९च्या त्याच अभ्यासातला एक निष्कर्ष मागे पडतो. आपल्या माणसाला उपचारांत आणण्यात आईवडिलांना पती-पत्नींपेक्षा जास्त यश आलं. जोडीदाराचं कर्ज, मुलं आणि रोजची भांडणं त्या माणसाशी बांधलेली असतात. त्याचं बोलणं जुन्या तक्रारींपासून वेगळं ऐकू येणं अवघड. मात्र तिन्ही मार्गांत कुटुंबीयांची स्वतःची मनःस्थिती सारखीच सुधारली, समोरचा उपचारांना गेला असो वा नसो.

आज जाणकार समुपदेशक नियोजनाची सुरुवात कागदाने किंवा बॅगेने करत नाहीत. पहिला प्रश्न जोडीदाराला, तोही एकट्याला: त्याने कधी हात उगारलाय का? उत्तर ‘हो’ असेल तर समोरासमोरची बैठक बाजूला ठेवून आधी सुरक्षिततेची सोय पाहिली जाते. दुसरा प्रश्न डॉक्टरांसाठी असतो, कारण रोज भरपूर पिणाऱ्याने बैठकीच्या भरात दारू एकदम बंद केली तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं.