आंतरराष्ट्रीय गोलविक्रम (पुरुष फुटबॉल)

पुरुषांच्या फुटबॉलमध्ये देशाच्या वरिष्ठ संघाकडून अधिकृत सामन्यांत सर्वाधिक गोल करण्याचा विक्रम. क्लबसाठी किंवा वयोगटाच्या संघासाठी केलेले गोल यात धरत नाहीत. सामन्यातील पेनल्टीवरचा गोल धरतात, शूटआउटमधला (सामना बरोबरीत सुटल्यावर निकालासाठी घेतल्या जाणाऱ्या पेनल्टींतला) मात्र नाही. ऑलिंपिकमधील पुरुष स्पर्धा १९९२ पासून २३ वर्षांखालील संघांची झाल्याने तेथील गोलही तेव्हापासून या हिशेबाबाहेर आहेत.

मराठवाड्यात हा विषय अनेकांना भेटतो तो स्पर्धा परीक्षेच्या तयारीत. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड येथील अभ्यासिकांत बसणारा विद्यार्थी वहीत एक नाव आणि त्यापुढे एक आकडा लिहून ठेवतो. आकडा पाठ करणे सोपे आहे. तो ठरला कसा हे समजून घेणे अधिक मोलाचे, कारण या विक्रमाचा इतिहास पुष्कळ अंशी मोजणीचाच इतिहास आहे.

हंगेरीच्या फेरेन्क पुश्काश यांनी ८५ सामन्यांत ८४ गोल केले होते, आणि हाच जागतिक विक्रम मानला जात असताना २००३ मध्ये इराणच्या अली दाई यांनी तो ओलांडला. प्रत्यक्षात मलेशियाचे मोख्तार दाहारी १९८५ पर्यंतच ८९ गोलांवर पोहोचले होते. परंतु त्यांच्या सामन्यांना यादीत स्थान मिळाले ते फार उशिरा. दाई यांनी २००४ मध्ये लाओसविरुद्ध चार गोल करत शंभरी गाठली. असा टप्पा गाठणारे ते पहिले पुरुष खेळाडू. त्यांचे एकूण गोल काही याद्यांत १०८, तर काहींत १०९ दिले आहेत.

१०९ ही संख्या प्रमाण मानूनच पोर्तुगालच्या क्रिस्तियानो रोनाल्डो यांचा विक्रम नोंदवला गेला. १ सप्टेंबर २०२१ रोजी फारो येथे आयर्लंडविरुद्ध त्यांची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली आणि मध्यंतराच्या तोंडावर आयर्लंडने आघाडीही घेतली. पुढे ८९ व्या मिनिटाला त्यांनी हेडरने (डोक्याने चेंडू मारून) ११० वा गोल केला, आणि भरपाईच्या वेळेत पुन्हा हेडरनेच १११ वा. २०२५ च्या अखेरीस त्यांचे १४३ गोल झाले होते. अर्जेंटिनाच्या लिओनेल मेसी यांनी मार्च २०२३ मध्ये कुरसावविरुद्ध हॅटट्रिक करून शंभरी ओलांडली.

एका सामन्यातील सर्वाधिक गोलांचा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या आर्ची थॉम्पसन यांच्या नावावर आहे. ११ एप्रिल २००१ रोजी कॉफ्स हार्बर येथे अमेरिकन सामोआविरुद्ध इतके गोल झाले की धावफलकावर ३२–० असा चुकीचा आकडा लागला. अधिकृत नोंदीत तो ३१–० असा दुरुस्त झाला आणि थॉम्पसन यांचे गोल १३ ठरले.

मराठवाड्याच्या वाचकाला या यादीतील जवळचे नाव सुनील छेत्री यांचे. त्यांचा जन्म १९८४ चा, सिकंदराबादचा. म्हणजे जालना, परभणी, नांदेडवरून जाणारी रेल्वे जिथे पोहोचते त्या शहरातला. हैदराबादशी मराठवाड्याचे राजकीय नाते १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेने संपले. त्यानंतर बरोबर महिनाभराने, १ डिसेंबरला, हैदराबादच्याच सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली खेळणाऱ्या भारताने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवले. त्या सामन्यातील नेव्हिल डिसूझा यांची हॅटट्रिक ऑलिंपिकमधील आशियाई खेळाडूची पहिली हॅटट्रिक होती.

छेत्री यांनी २००५ मध्ये क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध पदार्पणातच गोल केला. २००८ च्या एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध त्यांनी हॅटट्रिक केली आणि त्या विजयाने भारताला २०११ च्या आशियाई चषकात प्रवेश मिळाला. मोठ्या देशांच्या तुलनेत त्यांचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. परंतु त्यांच्या पाठीशी रोनाल्डो किंवा मेसी यांना लाभला तसा बलाढ्य संघही कधी नव्हता, हे विसरून त्यांचे मोल ठरवणे न्यायाचे नाही. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून ते ९४ गोलांसह निवृत्त झाले. मार्च २०२५ मध्ये चाळिशीत परतून त्यांनी शिलाँगला मालदीवविरुद्ध ९५ वा गोल केला, तोही हेडरने.