बॉनेटवर अंडी घालणारा चतुर

पावसाने जरा उघडीप दिली की ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये उभ्या असलेल्या काळ्या-लाल गाड्यांभोवती चतुर घिरट्या घालतात आणि बॉनेटवर शेपटीचं टोक टक्‌टक् टेकवतात. 'आपलंच प्रतिबिंब बघून भांडतोय' असं बरेच जण सांगतात. पण ती मादी असते आणि अंडी घालत असते. तिच्या लेखी बॉनेट म्हणजे पाणीच!

सूर्यप्रकाशाच्या लहरी सगळ्या दिशांनी कंप पावतात. पाण्यावर तिरप्या पडणाऱ्या प्रकाशातली उभी कंपनं बहुतांशी पाण्यात शिरतात, आडवी जास्त प्रमाणात परावर्तित होतात. हेच ध्रुवीकरण. पृष्ठभागाच्या लंबाशी सुमारे ५३ अंशांचा कोन झाला की उभी कंपनं परावर्तित होतच नाहीत. हा पाण्याचा ब्रूस्टर कोन. आपल्याला यातलं काही जाणवत नाही. चतुराच्या डोळ्यात मात्र प्रकाश टिपणाऱ्या पेशींवर अतिसूक्ष्म नळ्या समांतर रचलेल्या असतात आणि नळ्यांच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश त्या जास्त शोषतात. खालून आडवा ध्रुवीभूत प्रकाश आला, की तिथे पाणी.

मग पांढरी गाडी का नाही? पांढऱ्या रंगात शिरलेला प्रकाश आत विखुरतो आणि सगळी कंपनं घेऊन बाहेर येतो, त्यामुळे ध्रुवीकरण पुसट होतं. काळा रंग आत शिरलेला प्रकाश गिळतो, वरचं चकचकीत परावर्तन तेवढं उरतं. लाल रंग निळ्या प्रकाशाच्या बाबतीत तेच करतो. हंगेरीचे संशोधक गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी हे प्रयोगांनी दाखवलं. काळ्या, घोटीव थडग्यांवरही चतुर असेच फसतात.

म्हणजे चतुर दिसला तिथे पाणी असेलच असं नाही. म्हणून येऊरच्या किंवा खारघरच्या ओढ्यावर चतुरांची नोंद करताना 'चतुर दिसला' एवढ्यावर थांबू नका. पँटाला फ्लॅव्हेसेन्स हा पिवळसर चतुर तर हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातो. तो कुठेही दिसेल. चतुर तिथेच वाढल्याचा खरा पुरावा म्हणजे त्याने टाकलेली कात. पाण्यातली अळी दगडावर किंवा गवताच्या पात्यावर चढते, पाठ उकलते आणि चतुर बाहेर पडतो. मागे चिकटून राहिलेल्या सालीतून पांढरे धागे लोंबतात, ते श्वासनलिकांचं अस्तर! ती साल सापडली म्हणजे अळी वाढण्याइतकं पाणी तिथे टिकलं. जिथे पाणी उन्हाळ्यात चार डबक्यांपुरतं उरतं, तिथे अशा नोंदीचं मोल आणखी मोठं.

'चतुर पाळा, डेंग्यू टाळा' छापाचे फॉरवर्ड मात्र पुढे पाठवू नका. चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात हे खरं, पण डेंग्यूचा एडिस डास कुंडीखालच्या बशीत वाढतो. ती बशी आपणच रिकामी करायची.

नोंदीत तारीख, वेळ, पाणी वाहतं की साचलेलं, आणि चतुर काय करत होता हे लिहा. फोटो वरून आणि बाजूने, दोन्ही काढा; पंखांवरचे डाग आणि शेपटीच्या टोकावरचे चिमटे दिसले तर ओळख पटायला सोपं जातं. साल सापडली तर तिचाही फोटो घ्या.