कविता एका झटक्यातच उतरते का?

“खरी कविता आपोआप स्फुरते, खाडाखोड केली की ती खोटी होते,” असं वर्षानुवर्षं फिरतंय. पहिली ओळ अवचित सुचते, हे खरंच. पुढचं काम मात्र कानाचं आणि हाताचं. ‘मोठा अभंग’ या छंदाचा साचा घ्या: चार चरणांत अनुक्रमे ६, ६, ६ आणि ४ अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. भरपूर ऐकून-वाचून तो कानात मुरतो, मग सुचणारी ओळही त्याच लयीत येते. म्हणजे स्फूर्तीमागेही वाचन असतंच, आणि मला तेच मोलाचं वाटतं. पडताळायचंय? कवींच्या हस्तलिखितांची छायाचित्रं पाहा. अनेकांत खोडलेले शब्द सापडतील. किंवा स्वतःची कविता आठवडाभर बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तो शब्द बदला आणि दोन्ही खर्डे शेजारी ठेवून पुन्हा वाचा.