आभासी सेवा आणि मधला थर: जायकवाडीचा आकडा ॲपवर कसा यावा?

समजा, लातूरच्या एखाद्या ॲपवर शेतकऱ्याला सोयाबीनचा भाव आणि जायकवाडीचा पाणीसाठा एकाच पानावर हवा आहे. भावाची सेवा जेसॉनमध्ये, म्हणजे ॲपना सोप्या अशा मजकूर-रचनेत, उत्तर देते. साठ्याची जुनी सेवा सोप या जुन्या देवाणघेवाण पद्धतीची, एक्सएमएल ही खुणांची वेगळी रचना पाठवणारी. तिचा आकडा दलघमीत (दशलक्ष घनमीटर), आणि गावात पाण्याची चर्चा टीएमसीत (हजार दशलक्ष घनफूट). अशा वेळी ॲप आणि या सेवा यांच्यामध्ये एक थर बसवतात. ॲपला फक्त या थराचा पत्ता माहीत असतो. हीच आभासी सेवा: तिच्याकडे स्वतःची माहिती नसते, असतो तो नियमांचा क्रम. ओळख तपासा, विनंतीचं एक्सएमएल करा, मागच्या सेवेकडे पाठवा, आलेल्या उत्तराचं जेसॉन करा. २८.३२ दलघमी म्हणजे १ टीएमसी. जायकवाडीचा पूर्ण उपयुक्त साठा २,१७१ दलघमी, म्हणजे सुमारे ७६.७ टीएमसी. हा भागाकार थरातच करावा. कालव्याचं आवर्तन कधी सोडायचं, असले निर्णय मात्र इथे घुसवू नयेत. पुढे ते सापडत नाहीत.

खरी कसोटी लागते ती मागची सेवा रेंगाळली की. असा थर म्हणून वापरल्या जाणाऱ्या एनजिनएक्स या सर्व्हरमध्ये वाट पाहण्याची मर्यादा बदलली नाही, तर ती ६० सेकंद असते, आणि तीही पूर्ण उत्तराची नसून दोन वाचनांमधल्या खंडाची. ॲप १० सेकंदांत सोडून देतं, माणूस पुन्हा बटण दाबतो, आणि मागचा सर्व्हर बहुधा जुनीच विनंती दळत बसलेला असतो. म्हणून मर्यादा आत जाताना कमी होत जाव्यात: ॲप १० सेकंद, थर ८, मागच्या सेवेला दर प्रयत्नाला ३. दोन प्रयत्न ६ सेकंदांत बसतात.

फेरप्रयत्न एकाच जागी ठेवा. ॲपचे एकूण ३ प्रयत्न आणि थराचे ३ असतील, तर एका स्पर्शाच्या ९ विनंत्या होतात, त्याही सेवा आधीच धापा टाकत असताना. पीकविम्याच्या अर्जासारखी नोंद तर प्रत्येक अर्जाला वेगळा क्रमांक दिल्याशिवाय पुन्हा पाठवूच नये; दोन अर्ज पडतात. लागोपाठ ५ चुका झाल्या, तर घरातल्या एमसीबीसारखं सर्किट तोडावं, म्हणजे त्या सेवेकडे विनंत्या पाठवणं थांबवावं, आणि ३० सेकंदांनी एकच विनंती सोडून पाहावी. तोवर साठवलेला शेवटचा आकडा त्याच्या वेळेसकट दाखवावा.

सगळ्यात घातक बिघाड आवाज न करता येतो. कित्येक जुन्या सेवा चूक झाली तरी २०० हाच, म्हणजे ‘सगळं ठीक’ सांगणारा, कोड देतात आणि चुकीचा मजकूर आत ठेवतात. थराने आत पाहिलं नाही, तर साठ्याचा रिकामा रकाना रूपांतरात ० होतो, तो कॅशमध्ये (साठवून ठेवलेल्या उत्तरांत) जातो आणि तासभर सगळ्यांना दिसतो. मराठवाड्याने जायकवाडी मृतसाठ्यावर गेलेलं पाहिलं आहे, त्यामुळे उन्हाळ्यात हा शून्य कुणालाच खोटा वाटत नाही. म्हणून रकाना आहे का, त्यात आकडा आहे का, हे थराने आधी तपासावं. नसेल तर कॅशला हात न लावता ५०२, म्हणजे ‘मागच्या सेवेचं उत्तर चुकीचं’ हा कोड, द्यावा. जुना आकडाही नसेल, तर ॲपवर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच यावं.