फोनचं अपडेट दाबण्याआधी एवढं वाचा

(सांगली मार्केट यार्ड परिसरातल्या आमच्या ग्राहकांसाठी)

"अपडेट मारलं आणि फोन बिघडला. जुनंच अँड्रॉइड परत टाकून द्या." आठवड्यातून चार-पाच जण तरी हेच म्हणत दुकानात येतात. नाही म्हटलं की वाटतं, आम्ही टाळतोय. तसं नाही. जुनी आवृत्ती परत टाकायची तर फोनमधलं सगळं पुसावं लागतं, आणि बऱ्याच कंपन्या मागे जायची वाटच बंद करून ठेवतात. आयफोनमध्ये तर ॲपलने जुन्या आवृत्तीला मान्यता देणं थांबवलं की ती चढतच नाही. म्हणजे जो काही विचार करायचा तो बटण दाबण्याआधी.

नवं घ्यावं की जुनंच बरं, हे फोनवर काय काम चालतं त्यावर ठरतं. बँक आणि यूपीआय ज्या फोनवर आहे त्याची सुरक्षा ताजी हवी, यात आमचं दुसरं मत नाही. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' उघडा. तिथे अँड्रॉइड आवृत्ती वेगळी आणि सुरक्षा अपडेटची तारीख वेगळी दिसेल. लोक पहिला आकडा बघतात. आम्ही तारीख बघतो. ती दोन-दोन वर्षं जुनी असेल तर त्या फोनवर पैशाचे व्यवहार ठेवू नका. नव्या आवृत्त्यांत कामाच्या गोष्टीही आहेत. अँड्रॉइड १० पासून 'ॲप वापरत असतानाच' लोकेशन देता येतं, ११ पासून 'फक्त या वेळी', आणि १२ पासून कुणी कॅमेरा किंवा माइक वापरत असेल तर वर कोपऱ्यात हिरवी खूण दिसते.

पण २-३ जीबी रॅमचा जुना फोन फक्त बिलं काढायला काट्याशेजारी ठेवला असेल, त्यावर बँक नसेल, तर त्याला हात लावू नका. चालतोय तो चालू द्या. व्हॉट्सॲपची काळजी असेल तर १ जानेवारी २०२५ पासून ते अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनवर बंद झालं.

आता ज्या चुकीत तुमचा दिवस जातो आणि आमचाही, ती सांगतो. हळदीच्या सौद्याला निघताना एका अडत्यांनी सकाळी अपडेट दाबलं. फोन अँड्रॉइड १४ वर गेला. फोनला बिलाचा प्रिंटर सापडेना. तो पुन्हा जोडायला दोन मिनिटं लागतात, पण गडबडीत घरच्यांनी फोन रिसेट केला, म्हणजे आतलं सगळं पुसून टाकलं. दोन वर्षांच्या पट्ट्यांचे, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या पावत्यांचे, फोटो गेले. व्हॉट्सॲपचा बॅकअप चालू होता असं त्यांना वाटत होतं. पाहिलं तर शेवटची तारीख आठ महिन्यांपूर्वीची. गुगलची फुकटची १५ जीबी जागा मेल, फोटो आणि व्हॉट्सॲप मिळून एकच असते. ती भरली की बॅकअप थांबतो. त्यात बिलाचं ॲप फार जुनं, प्ले स्टोअरऐवजी फाइलवरून टाकलेलं. अँड्रॉइड ६ च्याही आधीच्या काळासाठी बनवलेलं ॲप अँड्रॉइड १४ नव्याने घेत नाही. फोनमध्ये आधीपासून होतं तोवर ते राहिलं असतं. रिसेटने तेही गेलं.

म्हणून कळकळीची विनंती: अपडेटनंतर काही अडलं तर रिसेट करू नका, फोन आहे तसा घेऊन या. अँड्रॉइड १२ पासून पुढे 'आसपासची डिव्हाइस' ही परवानगी चुकून नाकारली गेली, एवढ्यानेही प्रिंटर दिसत नाही. पहिले एक-दोन दिवस फोन तापतो, बॅटरी लवकर उतरते. आतलं काम उरकलं की बहुतेक वेळा आपोआप थांबतं. त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

फोनच्या बाजूची बटणं दाबून रिसेट केलेला फोन आधीचा गुगल आयडी आणि पासवर्ड मागतो. तो आठवत नसेल तर फोनचं बिल आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय आम्ही कामाला हात लावत नाही. रोजचा ग्राहक असला तरी नाही. काहींना राग येतो, पण चोरीचा फोन असाच येतो.

अपडेट आमच्याकडून करून घेतलंत तर ३०० रुपये आणि अर्धा दिवस लागतो. अर्धा दिवस का, असं विचारतात. अपडेट तासाभरात होतं. वेळ जातो तो फोटो, पट्ट्या आणि चॅट दुसरीकडे उतरवून, उघडून पाहण्यात. तुमच्यासमोर चार फोटो उघडून दाखवतो, मगच बटण दाबतो.

नवा फोन घेणार असाल तर किती वर्षं अपडेट मिळणार, हे आधी विचारा. गुगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलक्सी एस२४ पासून त्या फोनना सात वर्षांचं आश्वासन आहे. स्वस्त फोनमध्ये ते बरंच कमी असतं. आमच्याकडच्या प्रत्येक फोनच्या डब्यावर ही वर्षं आम्ही लिहून ठेवतो.

सौदे उरकल्यावर दुपारी या. चार्जर नको, प्रिंटर मात्र बरोबर आणा, आणि गुगलचा पासवर्ड घरूनच पाहून या.