युरिया बाहेर का राहिला : जमिनीच्या आरोग्याची पार्श्वभूमी

जमिनीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून, शेणखतातून येणारा कार्बन) ०.५ टक्क्याच्या खाली गेला, जमिनीचा पोत गेला, हे हल्ली कुठल्याही शेतकरी मेळाव्यात ऐकू येते. पाठोपाठ ठपकाही ठरलेला असतो : शेतकऱ्याने रासायनिक खते बेसुमार ओतली. ओतली, हे खोटे नाही. पण नेमके कोणते खत ओतले आणि तेच का, हे बघायचे तर शिवाराआधी खतांच्या भावाबद्दलच्या दिल्लीतल्या दोन निर्णयांकडे जावे लागते. एक ऑगस्ट १९९२चा, दुसरा १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला.

तसे पाहिले तर जमीन बिघडल्याची ओरड युरियाच्याही आधीची आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि पंचवीसेक वर्षांत त्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा स्वतंत्र अभ्यास करायची पाळी आली. तिथे दोष पाण्याचा होता. खाली काळी जमीन, निचऱ्याला वाट नाही आणि वर उसाला पाटाने पाणी. कृष्णाकाठी शिरोळ, मिरज, वाळव्यात पुढे हेच घडले, फक्त पाटाच्या जागी उपसा योजना आल्या. कोरडवाहू भागात चिंता वेगळी होती, माती वाहून जाण्याची. तिथे १९४२च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर बांधबंदिस्तीची कामे निघाली. उसाला तेव्हा भुईमुगाची पेंड पडायची, मग अमोनियम सल्फेट आले, मग युरिया. १९७७ पासून केंद्राने कारखान्यांना उत्पादनखर्चाच्या हिशेबाने अनुदान देऊन गोणीचा भाव बांधून ठेवला. इथवर सगळी खते सरकारी भावनियंत्रणाच्या एकाच छत्राखाली होती.

१९९२च्या ऑगस्टमध्ये स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) देणाऱ्या खतांवरचे नियंत्रण उठले. नत्र (नायट्रोजन) देणाऱ्या युरियावरचे उठले नाहीच, उलट त्याच वेळी त्याचा भाव १० टक्क्यांनी उतरवला. परिणाम बघायला फार थांबावे लागले नाही. देशातल्या खतवापरातले नत्र-स्फुरद-पालाशचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, ते पुढच्याच वर्षी ९.५ : ३.२ : १ झाले. पुढे स्फुरद-पालाशला सवलती देत देत ते सावरले आणि २००९-१० पर्यंत ४.३ : २ : १ वर आले. म्हणजे गाडी बऱ्यापैकी रुळावर आली होती.

आणि तेव्हाच २०१०चा निर्णय झाला. त्यातली कल्पना चांगली होती. अनुदान गोणीवर न देता गोणीतल्या नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधकाच्या किलोवर द्यायचे, विक्रीचा भाव कंपन्यांनी ठरवायचा. सगळी खते या चौकटीत आली असती तर शेतकऱ्याला प्रत्येक अन्नद्रव्याची किंमत त्याच्या मोलाने दिसली असती. युरिया तेवढा बाहेर ठेवला. त्याचा भाव टनाला ४,८३० वरून ५,३१० रुपये केला आणि जवळपास तिथेच गोठवला. कारण असे सांगितले जाते की देशातल्या युरिया कारखान्यांचा उत्पादनखर्च एकसारखा नाही, सरसकट एकच अनुदान दिले तर जुने कारखाने बुडतील. ते काही अंशी पटण्यासारखे आहे. पण युरियाचा भाव म्हणजे मतांचा भाव, हे त्या वेळच्या चर्चांमध्ये कोणी फारसे लपवलेही नव्हते.

दोन-तीन वर्षांत डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारे खत) टनाला ९,३५० वरून २४ हजारांपुढे गेले, पोटॅश (पालाशाचे खत) साडेचार हजारांच्या आतून सोळा-सतरा हजारांवर. २०१२-१३ मध्ये प्रमाण पुन्हा ८.२ : ३.२ : १. आजही ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि ५० किलो डीएपीला १,३५० मोजावे लागतात. किलोला सहा रुपयांच्या आत एक, सत्तावीस रुपयांना दुसरे. खिशात हजार रुपये असलेला माणूस कशाला हात घालेल, हे सांगायला कृषी पदवी लागत नाही. त्यातही ऐन पेरणीत ‘लिंकिंग’ असतेच. आमच्या भागातल्या एका दुकानात डीएपी मागितले तर सोबत न मागितलेली विद्राव्य खताची पिशवी बिलात आली होती. नको म्हटले की माल संपलेला असतो.

आदर्श म्हणून जे ४ : २ : १ सांगतात, त्याबद्दलही थोडे बोलायला हवे. हे प्रमाण तृणधान्यांच्या पिकावरून आलेले आहे. आपल्या काळ्या जमिनीत पालाश मुळात बरे, स्फुरद कमी; वर पीक ऊस किंवा सोयाबीन. डाळवर्गीय पिकाची मागणीच वेगळी, ते हवेतले नत्र वापरते, म्हणून तिथे वरून द्यायचे नत्र कमी लागते. तरीही ‘समतोल’ हा शब्द आला की हेच तीन आकडे पुढे केले जातात. देशाची सरासरी म्हणून ते ठीक आहेत. पाच एकरांवर ते लावायचे तर आधी त्या पाच एकरांतली माती तपासावी लागते.

माती तपासायची मोहीम १९ फेब्रुवारी २०१५ ला जमीन आरोग्य पत्रिकेच्या रूपाने सुरू झाली. पत्रिकेवर बारा घटक. नमुना घ्यायची रीत सगळ्यांना पाठ आहे : इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा, कडेची माती खुरप्याने वरून खाली खरवडायची, ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असे करत अर्धा किलो उरेपर्यंत. झाडाखालची आणि उकिरड्याजवळची माती घ्यायची नाही. मोहिमेत मात्र नमुना शेतागणिक नव्हता, चौकटीगणिक होता. बागायतीत अडीच हेक्टरला एक, कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. राज्यातली सरासरी धारणा दीड हेक्टरच्याही आत असताना शेजारीपाजारी सगळ्यांच्या पत्रिकेत तेच आकडे येणार, हे उघड होते. माळाची मुरमाड पट्टी आणि ओढ्याकाठची काळी, दोघींची प्रकृती एकच! त्यात काही प्रयोगशाळा उपलब्ध नत्र वेगळे मोजत नाहीत, सेंद्रिय कर्बावरून अंदाज बांधतात. म्हणून ‘नत्र कमी’ हा शेरा बहुतेकांच्या वाट्याला येतो. त्यावर युरिया आणखी टाकला गेला तर दोष कोणाला द्यायचा?

कर्ब घटण्याला एकटा युरियाही जबाबदार नाही. बैल गेले, शेणखत ट्रॉलीच्या भावाने विकत घ्यायची वस्तू झाली, नांगरट ट्रॅक्टरने खोल होऊ लागली, ताग-धैंचा गाडायला दोन महिने रान मोकळे ठेवणे परवडेना. उसाच्या पट्ट्यात पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरलेली वाळकी पाने, पेटवायची सवय होती आणि अजून पुरती गेलेली नाही. एका हेक्टरवर आठ-दहा टन पाचट निघते. काडी लावली की संध्याकाळपर्यंत रान काळे आणि बुडखे मोकळे. तोडणीनंतर खोडवा (त्याच बुडख्यांतून फुटणारे पुढचे पीक) लवकर धरायची घाई असते, उंदीर-सापाची भीतीही असते, त्यामुळे काडी लावणाऱ्याला आळशी म्हणणे सोपे पण चुकीचे.

पाचट ठेवून खोडवा घेण्याचा प्रसार गेल्या दोन-तीन दशकांत झाला, कुट्टी यंत्रे आल्यावर जास्त. तोवर सेंद्रिय विरुद्ध रासायनिक हा वाद पेटला होता. विदर्भातून निघालेली बिनखर्ची (झिरो बजेट) शेती २०१९च्या केंद्रीय अर्थसंकल्पापर्यंत पोचली, आणि २०२१ मध्ये श्रीलंकेने एका फटक्यात रासायनिक खतांची आयात थांबवून त्याच वर्षी ती बंदी मागे घेतली. दोन्ही बाजू तेव्हापासून आपापली उदाहरणे घेऊन बसल्या आहेत. पाचट कुजवायची शिफारस मात्र वादाच्या आधीपासून तीच आहे. सरीत पाचट दाबा, हेक्टरी १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका, १० किलो जिवाणू संवर्धक (काडीकचरा कुजवणारे जिवाणू) शेणकाल्यातून शिंपडा आणि पाणी द्या. कर्ब भरपूर आणि नत्र तुटपुंजे असलेला काडीकचरा जिवाणूंना एकट्याने पचत नाही, म्हणून या सगळ्यासोबत ८० किलो युरियाही टाकायचा असतो.