घाटरस्ते : सह्याद्रीतले सायकलमार्ग

सह्याद्रीच्या घाटांतून जाणारे डांबरी रस्ते रोड सायकलिंगसाठी वापरतात, त्यांची ही नोंद. मराठीत घाट म्हणजे डोंगर चढून जायची वाट. युरोपियन लोकांनी तो शब्द उचलला आणि अख्ख्या डोंगररांगेलाच ‘पश्चिम घाट’ म्हणायला सुरुवात केली, तिथून गोंधळ झालेला आहे. शब्दाचं मूळ बहुतेक जण संस्कृत ‘घट्ट’, म्हणजे नदीकाठच्या पायऱ्या किंवा उतरायची जागा, इथे नेतात. कन्नड-तेलुगूत ‘गट्ट’, ‘गट्टु’ असे डोंगर, बांध, काठ या अर्थाचे शब्द आहेत, म्हणून काही अभ्यासक तो मुळात द्राविडी मानतात. डोंगराचा अर्थ तिकडे आधीपासून आहे हे बघता दुसरं मत जरा जास्त वजनदार वाटतं.

सायकलवाल्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे सह्याद्री दोन्ही बाजूंनी सारखा नाही. बेसॉल्टच्या थरांचा हा कडा कोकणाकडे एकदम तुटतो आणि देशाकडे हळूहळू उतरत जातो, त्यामुळे खोपोली किंवा चिपळूणकडून आलं तर साधारण ५०० ते ६०० मीटर एका झटक्यात चढावे लागतात आणि तोच घाट देशावरून केला तर नुसता उतार मिळतो, म्हणून ‘अमुक घाट केला’ असं कुणी म्हटलं की कुठल्या बाजूने हे विचारावंच लागतं. याला मोठा अपवाद महाबळेश्वर-पाचगणीच्या पठाराचा, तिथे वाईकडून पसरणी, मेढ्याकडून केळघर आणि पोलादपूरकडून आंबेनळी असे सगळीकडून चढच आहेत. कोकणाकडच्या चढांचा एक फायदा असा की उतार पश्चिमेला तोंड करून असल्याने सकाळी बराच वेळ सावलीत राहतात, आणि हे ऑक्टोबरच्या उन्हात फार मोलाचं आहे.

घाटवाटा किती जुन्या, यावर बरंच लिहिलं गेलंय. नाणेघाटातला सातवाहनांचा, राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख जर्मन अभ्यासक ब्यूलरने इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात ठेवला होता, पुराभिलेखांचे अभ्यासक दिनेशचंद्र सरकारांनी तो इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खाली आणला. अक्षरांच्या वळणावरून ही उशिराची तारीख जास्त पटते, तरी ‘सुमारे’ हा शब्द सोडू नये. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा समजतात. हे इथे सांगायचं कारण असं की नाणेघाट दगडी पायऱ्यांचा आहे, सायकल खांद्यावर घेऊनच जावं लागेल, पण जुन्नर-कल्याण ही त्याची जुनी वाहतूक आता शेजारच्या माळशेज घाटाने होते आणि तो चांगला डांबरी आहे. म्हणजे बैलाच्या पाठीवरचा माल जिथून जायचा ती वाट चाकाला चालली नाही आणि चाकासाठी वेगळी जागा शोधावी लागली.

बोरघाटाचंही असंच. कार्ले-भाजे लेणी याच वाटेच्या माथ्याशी आहेत, तेव्हा वापर प्राचीन हे नक्की. १८०४ च्या सुमारास इंग्रज सेनापती वेलस्लीने सैन्याच्या सोयीसाठी वाट सुधारली असं गॅझेटियर सांगतं, पण गाड्या जातील असा खरा रस्ता गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात १८३० मध्ये झाला. त्याच काळातला अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. रेल्वे १८६३ मध्ये वर आली, तिचा चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के, आणि तोही त्या काळी भयंकर समजला जायचा.

खोपोलीहून जुन्या रस्त्याने चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं, सायकलवाले तिथे थांबतातच. शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला मारून टाकलं, अशी कथा आहे. ती कुणी १८३० च्या रस्त्याला जोडतं, कुणी रेल्वेला. रस्त्याच्या बाजूने बोलायचं तर देऊळ रस्त्यावरच आहे, पण घाट आधीपासून वाहता होता, फौजा तिथून गेल्या होत्या, मग वाट ‘दाखवायची’ गरज कुठे उरते हा प्रश्न येतो. रेल्वेला मात्र चढ कमी हवा होता म्हणून जुनी वाट कामाची नव्हती, नवी शोधणं भाग होतं आणि सर्व्हे बरीच वर्षं चालला. त्या हिशोबाने रेल्वेवाली आवृत्ती थोडी जवळची वाटते. पण वायनाडच्या तामरश्शेरी घाटातही करिंतण्डन या पणिय आदिवासीची अगदी हीच गोष्ट सांगतात, वाट दाखवली आणि मारला गेला, त्यामुळे ही एकाच माणसाची हकीकत धरण्यापेक्षा रस्ता कुणाच्या माहितीवर झाला हे लोकांनी जपून ठेवलेलं स्मरण म्हणून वाचणं बरं. धनगरांना कड्याची प्रत्येक घळ माहीत असायची यात काही शंका नाही.

चढाचं गणित. दर १०० मीटरला किती मीटर वर, तो टक्का. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ भागासाठी नेहमीचा चढ ५ टक्के, मर्यादा ६ आणि अपवाद म्हणून ७ धरलाय, जास्त तीव्र भूभागात प्रत्येकी एक टक्का जास्त. पूर्वीच्या भाषेत ५ टक्के म्हणजे २० ला १. म्हणून राज्य महामार्गावरचे बहुतेक घाट सरासरी ५ च्या आसपासच निघतात, पसरणीत वाईपासून पाचगणीपर्यंत ११-१२ किलोमीटरमध्ये साधारण ५७० मीटर चढतो, भागाकार करून बघा. रस्ता भरलेल्या ट्रकसाठी आखलेला असतो आणि त्याचा फायदा पायडल मारणाऱ्याला मिळतो. ज्या रस्त्याला पलीकडे कुठे जायचंच नाही, नुसतं वर पोचायचंय, तिथे ही शिस्त नसते. सिंहगड (१,३१२ मीटर) हे ठळक उदाहरण, पुण्यातला कुणीही सांगेल की गडाचा रस्ता महामार्गाच्या घाटापेक्षा कितीतरी खडा आहे, आणि म्हणूनच तो सरावासाठी लोकप्रिय आहे. शिंग्रोबाचा जुना रस्ताही असाच अंगावर येतो.

हेअरपिन वळणाला, म्हणजे रस्ता जिथे जवळजवळ उलटा फिरतो तिथे, मानकात २.५ टक्क्यांपेक्षा जास्त चढ ठेवत नाहीत आणि आतली त्रिज्या किमान १४ मीटर हवी, म्हणजे कागदावर तरी वळण ही दम खायची जागा आहे. मात्र आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे डाव्या हेअरपिनला आपण आतल्या बाजूला असतो, तिथे तीच उंची कमी अंतरात चढायची म्हणून चढ टोचतो, आणि उजव्या हेअरपिनला बाहेरून मोठा फेरा मिळतो तिथे सैल पडतो. जुन्या घाटांत आतला कोपरा फारच खडा असतो, तिथे आधीच एक गिअर खाली टाकलेला चांगला. मागून गाडी नाही याची खात्री असेल तर थोडं बाहेरून काढतात, पण आंधळ्या वळणावर हे मुळीच करू नये.

ताकदीचा हिशोब सायकल धरून ८५ किलो वजनाला ५ टक्क्यांवर ताशी १० किलोमीटरने साधारण १३० वॅट, ८ टक्क्यांवर त्याच वेगाला २०० च्या जवळपास. म्हणून पुढे ३४ आणि मागे ३४ दात असा एकास एक गिअर घाटात लाजिरवाणा अजिबात नाही, मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी साडेसात किलोमीटर मिळतात आणि गुडघे शाबूत राहतात.

मार्गांमध्ये आंबेनळीचं स्थान वेगळं आहे. पोलादपूर जवळजवळ समुद्रपातळीला, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, मध्ये सुमारे ४० किलोमीटर. सरासरी टक्का फार नाही, पण इतकी उंची एका दमात देणारा दुसरा घाटरस्ता महाराष्ट्रात सहसा सांगितला जात नाही, आणि वाटेत प्रतापगडचा फाटा लागतो. ताम्हिणी (माणगाव ते मुळशी) आणि वरंध (महाड ते भोर) हे पुण्याहून कोकणात उतरायचे आवडते रस्ते, कोकणातून परत चढणारे त्यामानाने कमी. दिवे घाट छोटा आहे पण ज्ञानेश्वर माउलींची पालखी सासवडला याच घाटाने चढते, त्या दिवशी सायकल घरीच ठेवावी किंवा वारीत चालत जावं. खंबाटकीत साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा आणि परतीला बोगदा, असा एकेरी हिशोब बरीच वर्षं आहे. दक्षिणेला कुंभार्ली, आंबा, गगनबावड्याचे करूळ आणि भुईबावडा, फोंडा, आंबोली अशी मोठी माळ आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, पण बोरघाटाच्या वरच्या टप्प्यात जुना हायवे आणि द्रुतगती मार्ग काही अंतर एकत्रच येतात, तिथे सायकलवाल्याला दुसरी वाटच उरत नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हाच घाट निर्णायक ठरतो, घाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. शर्यत नसलेल्या लांब पल्ल्याच्या बीआरएम राइडही घाटांतून जातात, २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास अशी मुदत असते आणि घाट आला म्हणून ती वाढवून मिळत नाही. पुणे-गोवा ही डेक्कन क्लिफहँगर रेस अमेरिका आरपार जाणाऱ्या रॅमसाठी (रेस अक्रॉस अमेरिका) पात्रता फेरी धरली जाते. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी दोघांच्या टीमने रॅम पूर्ण केली, अशी ती पहिली भारतीय टीम.

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात धबधब्यांमुळे जायचा मोह होतो, पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीला त्याहून जास्त, दरडी येतात, धुक्यात दहा मीटरवरचं दिसत नाही. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर रिम ब्रेकच्या सायकलची रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते, त्यामुळे वळणाआधी जोरात दाबून सोडायचा आणि पुढचा-मागचा दोन्ही वापरायचे. वरंध घाट तर पावसाळ्यात बऱ्याचदा वाहतुकीला बंदच करतात, निघायच्या आधी महाड किंवा भोरला फोन करून विचारून घ्यावं.